बागाइतीचे फाटक: आधी कोयंडा, मग कुलूप

चोरीची हकिकत कोणत्याही वर्तमानपत्रात वाचावी, तीत एक वाक्य ठरलेले असते: चोरट्यांनी दाराचा कडी-कोयंडा उचकटून आत प्रवेश केला. कुलूप शिताफीने उघडले किंवा त्याची खोटी किल्ली बनविली, असे क्वचितच वाचावयास मिळते. कुलूप बहुधा बंदच असते. मात्र ते ज्यात अडकविले होते तो कोयंडा लाकडातून उपटून आलेला असतो. हे वाक्य आपल्या कानांस इतके सरावाचे झाले आहे की, त्यात जो धडा आहे तो आपण घेत नाही. चोर कुलपाशी झगडत बसत नाही. कुलपाभोवती जे कच्चे राहिले असेल त्याच्याशी तो झगडतो. असे असूनही आपल्यापैकी एखादा बागाइतदार फाटकाचा बंदोबस्त करावयास निघाला, म्हणजे बाजारात जाऊन दुकानातील सर्वांत जड कुलूप तेवढे घेऊन येतो, आणि ते जुन्याच कोयंड्यात, चार आखूड स्क्रूंच्या भरवशावर अडकवून निर्धास्त होतो. ह्यालाच आपल्याकडे नाकापेक्षा मोती जड असे म्हणतात.

लाकडी फाटकास कुलूप कोणते लावावे हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. पण ज्याचे वर्षाचे उत्पन्न थोड्या दिवसांत झाडावर तयार होऊन उभे राहते, त्यास तो क्षुल्लक नाही. द्राक्ष, डाळिंब, आंबा, संत्रे ही पिके अशी आहेत की, त्यांवर वर्षभर पैसा आणि श्रम ओतावे लागतात, आणि फळ एकदा उतरणीस आले म्हणजे ते एका रात्रीत तोडून नेता येते. म्हणून ह्या विषयावर माझे जे मत बनले आहे ते वाचकांपुढे ठेवीत आहे. ते थोडक्यात असे: कुलूप ही फाटकाच्या बंदोबस्तातील पहिली बाब नव्हे. खांब, फाटक, कोयंडा, कुलूप, किल्ली आणि वहिवाट ह्या क्रमाने विचार झाला पाहिजे; आणि ह्या सहांपैकी जे सर्वांत कच्चे असेल, तेवढाच आपला बंदोबस्त पक्का असे समजले पाहिजे.

फाटकाचे खरे काम

प्रथम एका आक्षेपाचा विचार करू. कित्येक बागाइतदार म्हणतात की, कुंपण तारेचे आहे, माणूस दोन तारा ताणून सहज आत येतो. मग फाटकालाच भक्कम कुलूप लावून काय साधणार? हा आक्षेप दिसतो तितका खरा नाही. कुंपणातून जो माणूस आत येतो, तो फार तर एक पाटी किंवा एक पोते घेऊन जाईल. तेही नुकसानच आहे. पण त्याने वर्ष बुडत नाही. वर्ष बुडते ते वाहन आत आल्यावर. डाळिंबाचे भरलेले क्रेट, विहिरीवरून काढलेली मोटार, गुंडाळलेली केबल ह्या वस्तू दूरवर डोक्यावरून नेण्याच्या नव्हेत. त्यांस टेम्पो लागतो, आणि टेम्पोस फाटक लागते. अर्थात् फाटकाचे कुलूप हे पायी चालणाऱ्या माणसासाठी नसून चाकांसाठी आहे. ही गोष्ट एकदा मनात ठसली, म्हणजे बाकीचे निर्णय सोपे होतात.

हिच्यापासून लगेच दुसरी गोष्ट निघते. फाटकाच्या दोन्ही अंगांस जी जागा असते, तेथून दोन तारा कापून गाडी आत घालता येत असेल, तर फाटक केवळ शोभेचे ठरते. अशा ठिकाणी खांबांपासून दोन्ही बाजूंस काही अंतरापर्यंत चर खणावा, किंवा मोठे दगड निम्मे पुरून ठेवावेत. कुलपावर एक रुपयाही खर्च करण्यापूर्वी हे काम व्हावे.

गुरांसाठी मात्र कुलूप लागत नाही. त्यांस चांगली खिटी किंवा अडसर पुरतो. दिवसा माणसांची ये-जा चालू असता फाटक अडसराने बंद आणि रात्री कुलपाने बंद, अशी दोन प्रकारची व्यवस्था ठेवावी. सर्व काम एकट्या कुलपावर टाकले की, दिवसभराच्या ये-जेत त्याचा कंटाळा येऊन फाटक उघडेच राहू लागते.

खांब आणि फाटक

खांब हलला की कुलूप व्यर्थ होते. आपल्याकडील काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्यात नुसता पुरलेला खांब दोन-तीन हंगामांत कलतो. खांब कलला की कडी आणि कोयंडा समोरासमोर येत नाहीत. मग मालक प्रथम कडी ठोकून वाकवितो, पुढे तिच्याऐवजी तारेचा फास करतो, आणि शेवटी कुलूप तारेत लटकते! असे फाटक खेडोपाडी पाहावयास मिळते. म्हणून खांबाच्या एकूण लांबीचा सुमारे तिसरा हिस्सा जमिनीत जावा, खड्डा काळ्या मातीने न भरता मुरूम व दगड ठासून भरावा, आणि लाकडी खांब असल्यास पुरावयाच्या भागास, व जमिनीवर वीतभर, डांबर चोपडावे. त्याने वाळवी आणि ओल ह्या दोहोंपासून बचाव होतो.

फाटकास साग उत्तम. तो ऋतुमानाने कमी फुगतो व आकसतो, आणि त्याच्या गाभ्यास वाळवी सहसा लागत नाही. बाभूळही मजबूत आहे. पण ती चांगली वाळलेली घ्यावी, नाहीतर फाटक पिळते. फाटकावरील तिरकस पट्टी बिजागरीकडील खालच्या कोपऱ्यापासून कुलपाकडील वरच्या कोपऱ्याकडे जावी. कित्येक सुतार ती उलट मारतात. त्यामुळे फाटकाचा भार तोलला न जाता थोड्याच काळात त्याचे टोक जमिनीस घासू लागते. पावसात लाकूड फुगते हे ध्यानात धरून फाटक आणि खांब ह्यांमध्ये बोटभर फट ठेवावी. मात्र त्या फटीत पहारीचे टोक शिरू नये म्हणून बाहेरून लोखंडी पट्टी मारून ती झाकावी.

बिजागरीकडे कोणाचे लक्ष जात नाही. पुष्कळ फाटके खांबावरील खुंट्यांवर नुसती ठेवलेली असतात. दोघांनी खालून जोर केला की, कुलूप जागच्या जागी राहून फाटक दुसऱ्या बाजूने उचलून निघते. ह्यावर उपाय अगदी स्वस्त आहे. खालची खुंटी वर तोंड करून आणि वरची खुंटी खाली तोंड करून बसवावी, म्हणजे फाटक वर उचलता येत नाही. ह्या कामास लोहाराचा अर्धा तास पुरे होतो.

कडी आणि कोयंडा

आता मुख्य बाब. कोयंडा लाकडात ज्या रीतीने बसविला असेल, त्यावर सर्व बंदोबस्त अवलंबून आहे. स्क्रू लाकडाच्या तंतूंत धरून बसतो. लाकूड दर पावसाळ्यात भिजते, दर उन्हाळ्यात वाळते. तसतशी ती पकड सैल होते आणि स्क्रूस गंज चढतो. चार वर्षांच्या जुन्या फाटकावरील असा कोयंडा पहारीच्या एका हिसक्याने येतो. म्हणून स्क्रूने बसविलेला कोयंडा, मग तो कितीही जाड असो, बागेच्या फाटकास वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

कोयंडा बोल्टाने बसवावा. बोल्ट लाकडातून आरपार जावा. त्याचा गोल, गुळगुळीत माथा बाहेरच्या अंगास आणि नट आतल्या अंगास यावा. नटाखाली नुसती चकती न घालता हातभर लांबीची लोखंडी पट्टी घालावी, म्हणजे बाहेरून ओढ बसली तरी नट लाकडात रुतून आरपार निघत नाही. नट आवळून झाल्यावर बोल्टाचे बाहेर राहिलेले टोक हातोड्याने चेचून टाकावे. मग तो पान्याने फिरत नाही. कडी अशी घडवावी की, ती कोयंड्यावर बसली म्हणजे बोल्टांचे माथे तिच्याखाली झाकून जावेत. कोयंड्याची सळई तीन सुतांपेक्षा बारीक नसावी, आणि तिची दोन्ही टोके खांबातून आरपार जाऊन मागे पट्टीवर आवळलेली असावीत.

कोयंडा आणि कुलूप ह्यांचे माप एकमेकांस जुळले पाहिजे, ही गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. कुलपाची वाकलेली दांडी कोयंड्याच्या भोकात जेमतेम मावावी. भोक मोठे आणि दांडी बारीक असली, म्हणजे मधल्या मोकळ्या जागेत पहार घालून पीळ देता येतो. म्हणून बाजारात जाताना कोयंड्याचे माप, किंवा कोयंडाच, बरोबर न्यावा. अथवा कुलूप आधी घेतले असल्यास ते लोहाराकडे नेऊन त्याच्या मापाने कोयंडा करवावा. लांब दांडीचे कुलूप साखळीस सोयीचे असते. फाटकाच्या कोयंड्यास आखूड दांडीचेच बरे.

कुलपाची निवड

इतके झाल्यावर कुलपाकडे वळावे. चांगल्या कुलपाची आपल्या देशात वाण नाही. अर्देशिर गोदरेज ह्यांनी मुंबईत १८९७ साली कुलपे बनविण्यास आरंभ केला. उत्तरेकडे अलिगड आणि दक्षिणेकडे दिंडुक्कल ही गावे कुलपांसाठी नावाजलेली आहेत. दिंडुक्कलच्या कुलपास तर २०१९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तेव्हा अडचण निवडीची आहे.

निवड करताना बहुतेक लोक कुलपात लिव्हर किती, हे विचारतात. लिव्हर म्हणजे कुलपातील त्या पातळ पट्ट्या, ज्या सर्व योग्य उंचीवर उचलल्याशिवाय दांडी सुटत नाही. त्या जितक्या अधिक, तितके भलत्या किल्लीने किंवा तारेने कुलूप उघडणे कठीण. हे खरे आहे. पण आपल्या चोरास तार चालविण्याची कला येत नाही आणि तिची त्यास गरजही नाही. लंडन शहरात जोसेफ ब्रामा ह्याच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप, जो उघडील त्यास २०० गिनी इनाम, अशा पाटीसह कित्येक वर्षे टांगलेले होते. १८५१ साली हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने ते उघडून दाखविले. परंतु त्या निष्णात माणसासही १६ दिवसांत मिळून सुमारे ५१ तास खटपट करावी लागली. डाळिंबाच्या बागेत शिरणारा माणूस ५१ तास थांबत नाही. तो पाच मिनिटे पाहतो, आणि पहार, करवत किंवा लोखंड कापण्याची मोठी कात्री ह्यांपैकी एकाने काम भागते का ते अजमावतो. म्हणून लिव्हर सहा की आठ, ह्यापेक्षा पुढील चार गोष्टी अधिक महत्त्वाच्या आहेत.

पहिली, दांडी. ती पाणी दिलेल्या पोलादाची असावी. साध्या लोखंडाची दांडी करवतीने चटकन कापली जाते. पाणी दिलेल्या पोलादावर करवत घसरते. दुकानात दांडीवर कानस फिरवू देतील असे नाही. परंतु पोलादास पाणी दिले असल्यास तसा शिक्का दांडीवर बहुधा असतो, तो पाहून घ्यावा. दांडीची दोन्ही टोके कुलपात अडकणारी असावीत. एकच टोक अडकत असेल तर ते कापताच दांडी फिरून मोकळी होते.

दुसरी, अंग. बाहेर पावसात राहणाऱ्या कुलपाचे अंग पितळेचे बरे, कारण ते लोखंडासारखे गंजत नाही. पितळ पोलादापेक्षा मऊ आहे हा दोष खरा. पण कोयंडा वर सांगितल्याप्रमाणे घट्ट मापाचा असेल, तर अंगावर घाव घालण्यास जागा थोडी उरते. लोखंडी अंगाचे कुलूप घेतल्यास ते जाड लेपाचे घ्यावे.

तिसरी, किल्लीची खरेपणाची परीक्षा. त्याच जातीची दोन-तीन कुलपे दुकानदाराकडून काढून घ्यावीत आणि एकाची किल्ली दुसऱ्यास लावून पाहावी. हलक्या मालात एकाच खोक्यातील कुलपे एकमेकांच्या किल्लीने उघडतात. ज्याचे कुलूप शेजारच्या गावातील त्याच जातीच्या किल्लीने उघडते, त्याने कुलूप लावले काय आणि न लावले काय, सारखेच. ही परीक्षा करू न देणाऱ्या दुकानातून कुलूप घेऊ नये.

चौथी, धूळ आणि पाणी सोसण्याची शक्ती. बैठ्या पिनांच्या कुलपात बारीक स्प्रिंगा असतात, आणि आपल्या उन्हाळ्यातील फुफाट्याने त्या अडकतात. त्या मानाने लिव्हरचे कुलूप धूळ अधिक सोसते. म्हणून फाटकास मी लिव्हरचेच पसंत करीन. किल्लीचे भोक खाली तोंड करून राहील असे कुलूप टांगावे आणि त्यावर ट्यूबच्या रबराचा तुकडा झडपेसारखा मारावा. कित्येकजण कुलपात खोबरेल किंवा खाण्याचे तेल सोडतात. खोबरेल थंडीत गोठते आणि खाण्याचे तेल कालांतराने चिकट होऊन धूळ धरते. शिवणयंत्राचे पातळ तेल दोन थेंब पुरे. अथवा शिसपेन्सिलीची पूड किल्लीस लावून ती चार वेळा फिरवावी. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर असे दोनदा केल्यास कुलूप पुष्कळ वर्षे टिकते.

आकड्यांच्या कुलपाविषयी हल्ली विचारणा होते. त्यास किल्ली नाही हा गुण आहे. पण तोडणीच्या दिवसांत आकडा एकास सांगितला की तो दहांस कळतो, आणि आकडा बदलावयाचा कंटाळा सर्वांस असतो. विजेरीवर चालणारी कुलपेही निघाली आहेत. त्यांतील विजेरी नेमकी अडचणीच्या वेळी संपू नये म्हणून तिच्याकडे लक्ष ठेवणारा माणूस रोजचा हवा. असा माणूस असेल तर साध्या कुलपानेही काम भागते.

किल्ली कोणापाशी

कुलूप कितीही चांगले असले तरी किल्ली फिरत राहिली तर व्यर्थ. दगडाखाली, झाडाच्या ढोलीत, मोटारीच्या पेटीवर, ह्या किल्ली ठेवण्याच्या जागा साऱ्या गावास ठाऊक असतात. नव्या कुलपाबरोबर किती किल्ल्या आल्या आणि त्या कोणाकोणास दिल्या, हे वहीत तारखेसह लिहून ठेवावे. सालगडी बदलला की कुलूप बदलावे. निदान बागेच्या फाटकाचे आणि दुसऱ्या कोठल्या दाराचे कुलूप आपसांत बदलावे.

आणखी एक सावधगिरी फार थोडे लोक बाळगतात. दिवसा फाटक उघडले म्हणजे कुलूप उघडेच कोयंड्यात लटकत ठेवतात. तोडणीच्या दिवसांत व्यापारी, मजूर, गाडीवाले अशा पन्नास माणसांची ये-जा असते. त्यांतील कोणी तसलेच दुसरे कुलूप तेथे लटकवून आपले घेऊन गेला, तर सायंकाळी मालक स्वतःच्या हाताने परक्याचे कुलूप लावून घरी जातो, आणि रात्री परका आपल्या किल्लीने ते उघडतो. म्हणून फाटक उघडे असतानाही कुलूप कोयंड्यात घालून बंदच करून ठेवावे.

किल्लीची नोंद ठेवावी असे म्हटले की, काही सज्जन मालकांस संकोच वाटतो. दहा वर्षे घरी राबणाऱ्या गड्यावर अविश्वास कसा दाखवावा, असे ते म्हणतात. माझे मत ह्याच्या उलट आहे. बागेत चोरी झाली की कुंपणच शेत खाते ही म्हण सर्वांच्या तोंडी प्रथम येते, आणि संशयाचे बोट प्रथम गड्याकडे वळते; कारण तो गरीब असतो आणि जवळ असतो. चार किल्ल्यांपैकी कोणती कोणापाशी होती ह्याची नोंद नसेल, तर त्यास आपला खरेपणा सिद्ध करता येत नाही. नोंद असेल तर तीच त्याची साक्षीदार होते. म्हणून किल्लीची वही ही मालकाच्या मालाइतकीच गड्याच्या अब्रूची राखण आहे.

येथेच दुसरी गोष्ट बजावून सांगावीशी वाटते. राखणदार कुटुंबासह बागेत राहत असेल, तर फाटक बाहेरून कुलूप लावून मालकाने गावी जाऊ नये. रात्री लेकरास साप चावला, किंवा उन्हाळ्यात पाचटाने पेट घेतला, तर त्या माणसांनी बाहेर कसे पडावे? आत राहणाऱ्यापाशी किल्ली असलीच पाहिजे. ज्यास किल्ली देण्याइतका विश्वास नाही, त्यास राखण देऊ नये.

वहिवाटीचा प्रश्न

आता शेवटची बाब. फाटक आपले, खांब आपले, कुलूप आपले. पण वाट आपली एकट्याची आहे काय? महसूल खात्याच्या नोकरीत शेतरस्त्याचे अर्ज माझ्या हाताखालून पुष्कळ गेले, आणि त्यांत फाटकाला लावलेले कुलूप हे भांडणाचे मूळ असल्याचे वारंवार दिसे. मागील गटाचा खातेदार वाडवडिलांपासून ज्या वाटेने गाडी-बैल नेत आला, तीवर पुढील गटाचा मालक बाग लावतो, चोरीच्या भयाने फाटक उभारतो आणि कुलूप घालतो. त्याचा हेतू वाईट नसतो. पण मागच्याचे पीक शेतात अडकते, आणि एका फाटकावरून दोन घरे पिढ्यान्‌पिढ्या बोलेनाशी होतात.

कायदा ह्या बाबतीत स्पष्ट आहे. मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ ह्याच्या कलम ५ अन्वये, शेताकडे जाणाऱ्या वहिवाटीच्या वाटेस कोणी बेकायदा अडथळा केल्यास तहसीलदारास तो दूर करण्याचा हुकूम देता येतो. मात्र दावा अडथळा झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ ह्याच्या कलम १४३ प्रमाणे, दुसऱ्याच्या जमिनीच्या बांधावरून रस्ता मागण्याच्या हक्काची चौकशी करून निर्णय देण्याचाही अधिकार तहसीलदारास आहे. सबब जे कुलूप चोरास अडविते तेच हक्कदारास अडवीत असेल, तर ते एक दिवस हुकुमाने काढावे लागेल, आणि तोपर्यंत तारखांस जाऊन जो खर्च होईल त्यात दहा कुलपे येतील.

ह्यावर तोडगा साधा आहे आणि तो भांडणापूर्वीच अमलात आणावा. हक्कदार एक किंवा दोन असतील तर त्यांस किल्ली द्यावी आणि वहीत लिहावे. किल्ली देणे-घेणे नको असेल, तर फाटक जाड साखळीने बांधून तीत दोघांची दोन कुलपे एकमेकांत गुंतवावीत: साखळीचे एक टोक पहिल्या कुलपात, पहिले कुलूप दुसऱ्या कुलपात, आणि दुसऱ्या कुलपात साखळीचे दुसरे टोक. मग ज्याने आपले कुलूप उघडले त्यास साखळी मोकळी होते, आणि कोणास कोणाची किल्ली लागत नाही. परत लावताना मात्र आपले कुलूप दुसऱ्याच्या कुलपातच अडकवावे. ते सोडून थेट साखळीत अडकविल्यास शेजारी बाहेर राहतो. दोघांनी कुलपे सारख्या प्रतीची घ्यावीत, कारण चोर त्यांतील हलकेच तोडणार. विजेचे रोहित्र बागेत असल्यास वायरमनच्या येण्याची सोयही ह्याच वेळी करून ठेवावी.

उपसंहार

कुलूप हे सावासाठी असते, चोरास ते काय अडविणार, असे पुष्कळांच्या तोंडून ऐकू येते. ह्यात अर्धेच सत्य आहे. पक्का चोर ठरवून आला तर कोणतेही फाटक त्यास कायमचे अडवीत नाही, हे मान्य. परंतु जो सहज हाती लागले तर नेऊ, ह्या विचाराने येतो, त्यास घट्ट मापाचा कोयंडा पाहूनच पुढल्या बागेची वाट धरावीशी वाटते. आणि जो ठरवून आला त्यासही वेळ लागतो व आवाज होतो. वेळ आणि आवाज ह्या दोन गोष्टी चोरास नकोशा असतात. त्या विकत घेणे, एवढाच कुलपाचा उपयोग आहे, आणि तो थोडा नाही. मात्र आवाज ऐकणारा कोणी जवळ असावा. म्हणून तोडणीच्या दिवसांत शेजारच्या चार बागाइतदारांनी मिळून पाळीने जागल करावी.

आपल्या संस्थेसही एक सूचना करावीशी वाटते. संस्था खते आणि औषधे एकत्र खरेदी करून सभासदांस पुरविते. तद्वत् गावच्या लोहाराकडून एका मापाचे कोयंडे, कड्या, पट्ट्या आणि बोल्ट ह्यांचे जोड करवून घ्यावेत, व त्यांच्या मापाची कुलपे परीक्षा करून एकत्र आणावीत. त्याने सभासदास माल स्वस्त पडेल, लोहारास काम मिळेल, आणि मुख्य म्हणजे कोयंडा व कुलूप ह्यांचे माप जुळेल. आवारात एक फाटक नमुन्यादाखल उभे केल्यास शंभर लेखांनी होणार नाही ते एका पाहण्याने होईल.

बैल गेला नि झोपा केला, अशी आपल्या वाडवडिलांची म्हण आहे. झोपा म्हणजे गोठ्याचे दार. दाराचा विचार बैल गोठ्यात असतानाच करावयाचा असतो, हे त्यांस ठाऊक होते. यंदाची तोडणी सुरू होण्यापूर्वी प्रत्येक बागाइतदाराने आपल्या फाटकापाशी जाऊन कोयंडा हाताने हलवून पाहावा. तो हलला, तर कुलूप कितीही नामांकित असो, फाटक उघडेच आहे असे समजावे आणि त्याच दिवशी लोहारास निरोप पाठवावा.